उधारीची वही पायथनमध्ये: 'पीवी' ओआरएम शिकूया



मागच्या दोन व्हिडिओंत आपण एक्सेलमधली उधारीची यादी एसक्यूलाइटच्या टेबलमध्ये नेली आणि साध्या एसक्यूएलने ग्राहकांची बाकी काढली. त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, प्रत्येक वेळी एवढं लांबलचक एसक्यूएल हाताने लिहायचं का?" नाही लिहायचं. या भागात आपण 'पीवी' नावाची छोटी ओआरएम लायब्ररी शिकतोय. व्हिडिओत कोड टाइप करून दाखवलाय, तो अर्थातच इंग्रजी अक्षरांत आहे. इथे मी त्यामागचा विचार लिहिते, कारण कोड पाठ करून काही होत नाही, विचार समजला की कोड आपोआप सुचतो.

पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

एका ओळीने रिकामी झालेली वही

काही वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या गावातल्या एका हार्डवेअर दुकानासाठी उधारीचा छोटा प्रोग्राम बनवून दिला होता. ग्राहकांच्या टेबलमध्ये नाव, फोन आणि 'बाकी' असे तीन कॉलम. कुणी माल उचलला की बाकी वाढवायची, पैसे दिले की कमी करायची. सोपं वाटलं.

दिवाळीच्या आधी एका ग्राहकाने सगळा हिशोब चुकता केला. मी दुकानातच बसले होते. म्हटलं, स्क्रीन उघडण्यापेक्षा थेट एक ओळ चालवते. 'अपडेट' लिहिलं, बाकी शून्य लिहिली, एंटर दाबला. 'व्हेअर' लिहायचं राहिलं. म्हणजे कुणाची बाकी शून्य करायची, हे सांगितलंच नाही. संगणकाने सगळ्यांची केली.

दुकानदारांनी पाच मिनिटांनी विचारलं, "मॅडम, सगळ्यांचीच बाकी शून्य दाखवतंय, हे कसं काय?"

बॅकअप आठवड्यापूर्वीचा होता. वाचवलं कुणी, तर दुकानदारांच्या वडिलांनी. त्यांचा संगणकावर विश्वास नव्हता, म्हणून ते रोज लाल वहीत लिहीत होते. दोन रात्री बसून आम्ही त्या वहीवरून सगळं परत भरलं. तरी एका ग्राहकाच्या १,८५० रुपयांचा मेळ लागला नाही. दुकानदार म्हणाले, "जाऊ द्या, त्यांचा शब्द खरा मानू." ती रक्कम मी माझ्या फीमधून वळती केली.

आता या गोष्टीत दोष लायब्ररीचा नव्हता. लायब्ररीने सांगितलं तेच केलं. आजच्या धड्याचं सार हेच आहे: एसक्यूएल लायब्ररी लिहील, पण त्याखाली सही तुमची असते.

ओआरएम म्हणजे नक्की काय?

रिलेशनल डेटाबेसची कल्पना ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये काम करताना मांडली. सगळी माहिती टेबलांमध्ये, टेबलात ओळी आणि कॉलम, आणि टेबलांमधलं नातं समान किमतीवरून जुळवायचं. पायथनमध्ये मात्र आपण विचार करतो तो ऑब्जेक्टचा: हा एक ग्राहक, याचं हे नाव, या याच्या नोंदी. या दोन पद्धतींच्या मधला दुभाषी म्हणजे ओआरएम.

तीन जोड्या लक्षात ठेवा:

१. एक टेबल म्हणजे एक क्लास.
२. टेबलातली एक ओळ म्हणजे त्या क्लासचं एक ऑब्जेक्ट.
३. एक कॉलम म्हणजे त्या ऑब्जेक्टचा एक गुण.

पायथनमध्ये मोठे दुभाषीही आहेत. जँगोचा ओआरएम आहे, पण तो जँगोच्या घरातच राहतो. एसक्यूलअल्केमी फार ताकदवान आहे, पण शिकायला वेळ मागतो. पीवी लहान आहे. त्याचा मुख्य भाग एकाच फाइलमध्ये मावतो, परवाना एमआयटीचा म्हणजे व्यवसायात मोफत वापरता येतो, आणि एसक्यूलाइट, मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस या सगळ्यांशी तो बोलतो. एक दुकान, एक संगणक, दोन-तीनशे ग्राहक, एवढ्या कामाला तो अगदी मापाचा आहे.

'पिप'ने पीवी इन्स्टॉल केलं की झालं. एसक्यूलाइट वेगळं घ्यावं लागत नाही, ते पायथनसोबतच येतं आणि सगळा डेटा एका फाइलमध्ये ठेवतं.

आधी वही, मग कोड

संगणक बाजूला ठेवा आणि जुन्या पद्धतीची दुकानदारी आठवा. रोजकीर्दीत घडलं तसं, तारखेनुसार लिहायचं. मग खतावणीत प्रत्येकाच्या नावावर त्या नोंदी मांडायच्या आणि बाकी काढायची. रोजकीर्दीत कुणी 'बाकी' लिहीत नाही. तिथे फक्त काय घडलं ते लिहितात. बाकी ही नेहमी *काढायची* गोष्ट आहे.

माझी पहिली चूक इथेच झाली होती. मी बाकी साठवून ठेवली. ती कुठून आली याचा पुरावा कुठेच नव्हता. एकदा पुसली, की गेली.

म्हणून आपली नवी वही दोनच टेबलांची आहे:

ग्राहक: नाव, फोन, गाव.
नोंद: कोणाची, तारीख, रक्कम, तपशील.

उचल असेल तर रक्कम अधिक, जमा असेल तर उणे. एका ग्राहकाच्या सगळ्या नोंदींची बेरीज म्हणजे त्याची बाकी. रमेशभाऊंनी ५०० चा माल नेला, मग ३०० दिले, तर +५०० आणि −३००, बाकी २००. आता कुणी चुकून काही शून्य करायला गेलं, तर शून्य करायला 'बाकी' नावाचा कॉलमच नाही!

क्लास लिहिताना पाच गोष्टी सांभाळा

पहिली, फोन मजकूर म्हणून ठेवा. फोनची बेरीज कुणी करत नाही. आकडा म्हणून ठेवलात, तर सुरुवातीचं शून्य उडतं आणि अधिकचं चिन्हही राहत नाही. शिवाय फोनला 'युनिक' लावा. एकाच गावात दोन सुनील पाटील असतात, हे मी सांगायला नको. फोनवरून ते वेगळे राहतील.

दुसरी, पैसे पैशांत ठेवा. म्हणजे १२५ रुपये ५० पैसे हे १२५५० असे पूर्णांकात. का? पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारून बघा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. एका बिलात फरक दिसणार नाही, पण वर्षभराच्या बेरजेत आणि 'बाकी शून्य आहे का' अशा तपासणीत तो त्रास देतो. पीवीमध्ये 'डेसिमलफील्ड' आहे, पण एसक्यूलाइटमध्ये मुळात खरा डेसिमल प्रकार नाही. त्यामुळे पूर्णांक उत्तम. स्क्रीनवर दाखवताना शंभरने भागा.

तिसरी, तारखेच्या डिफॉल्टमध्ये कंस लावू नका. 'आजची तारीख' देणारं फंक्शन आपण डिफॉल्ट म्हणून देतो. त्याचं नुसतं नाव द्या. पुढे कंस लावलात, तर ते प्रोग्राम सुरू होतानाच एकदा चालतं आणि तीच तारीख चिकटते. प्रोग्राम सोमवारी सुरू करून बंदच केला नाही, तर गुरुवारच्या उचलीवरही सोमवारची तारीख पडेल. कंस नसेल, तर प्रत्येक नोंदीच्या वेळी नवीन तारीख विचारली जाते.

चौथी, नातं 'फॉरेन की'ने बांधा. नोंद टेबलात ग्राहक हा 'फॉरेनकीफील्ड' असेल. त्याला 'बॅकरेफ' म्हणून 'नोंदी' असं नाव दिलं, की ग्राहकाच्या ऑब्जेक्टवरून थेट त्याच्या सगळ्या नोंदी मिळतात. आणि ग्राहक पुसल्यावर काय करायचं, तिथे 'रिस्ट्रिक्ट' लिहा. म्हणजे ज्याच्या नोंदी आहेत, तो ग्राहक पुसताच येणार नाही. 'कॅस्केड' लिहिलंत, तर ग्राहकाबरोबर त्याच्या सगळ्या नोंदी जातील. उधारीच्या वहीत हे कधीही नको.

पाचवी, आणि हीच बहुतेक जण विसरतात. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी डिफॉल्टने बंद असते. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ती तशी ठेवलेली आहे. डेटाबेस उघडतानाच 'प्रॅग्मा'मध्ये 'फॉरेन कीज' ला १ द्या. नाहीतर 'रिस्ट्रिक्ट' लिहिलेलं नुसतं शोभेला राहतं.

आयडीचा कॉलम आपण लिहिला नाही, हे लक्षात आलं का? प्रायमरी की सांगितली नाही, तर पीवी स्वतःच एक आयडी लावतो. आणि 'नल चालेल' असं वेगळं सांगितलं नाही, तर कुठलाच कॉलम रिकामा ठेवू देत नाही. चांगली सवय आहे त्याची.

क्लास झाले की 'क्रिएट टेबल्स' चालवा. टेबल आधीपासून असेल, तर पीवी त्याला हात लावत नाही. म्हणजे उद्या तुम्ही क्लासमध्ये 'पत्ता' वाढवलात, तर टेबलात तो आपोआप येणार नाही. त्यासाठी पीवीसोबत येणाऱ्या 'प्लेहाऊस'मध्ये मायग्रेशनची सोय आहे. तो वेगळ्या भागाचा विषय.

रोजचं काम: लिहा, शोधा, बेरीज करा

नवीन नोंद करायला 'क्रिएट'. एक ग्राहक शोधायला 'गेट ऑर नन' वापरा. सापडला तर ऑब्जेक्ट, नाही तर 'नन'. साधं 'गेट' वापरलंत, तर न सापडल्यावर प्रोग्राम एरर देतो.

शोधताना दोन अटी जोडायच्या असतील, तर पायथनचा 'अँड' शब्द वापरू नका. '&' हे चिन्ह वापरा आणि दोन्ही अटी आपापल्या कंसात ठेवा. 'अँड' लिहिलंत, तर एरर येत नाही, हीच अडचण आहे. पायथन पहिली अट गिळतो आणि फक्त दुसरी पुढे पाठवतो. तुम्ही विचारता, "शिरोळ गावचे आणि या महिन्यातले", आणि उत्तर येतं फक्त या महिन्यातलं. यादी भरलेली दिसते, म्हणून शंकाही येत नाही.

अजून एक गंमत. 'अपडेट' आणि 'डिलीट' नुसतं लिहून काही होत नाही. शेवटी 'एक्झिक्यूट' म्हणावं लागतं. बिल लिहिलं पण फाडून दिलं नाही, तसं ते. काम झालं असं वाटतं आणि डेटा तसाच राहतो.

आता सगळ्यांची बाकी काढू. पहिल्या प्रयत्नात बहुतेक विद्यार्थी असं करतात: सगळे ग्राहक आणायचे, मग फिरत फिरत प्रत्येकाच्या नोंदी आणून बेरीज करायची. उत्तर बरोबर येतं. पण ३०० ग्राहक असतील, तर एक फेरी यादीसाठी आणि ३०० फेऱ्या नोंदींसाठी, म्हणजे ३०१ वेळा डेटाबेसला विचारणा! तुम्ही वाण्याकडे यादी देऊन एकदाच सामान आणता. साखरेला एक फेरी, डाळीला दुसरी, असं करत नाही ना? कोड छोटा दिसतो म्हणून हे लपतं. ओआरएमची ही जुनी खोड आहे.

योग्य पद्धत: ग्राहकाला नोंदीशी 'जॉइन' करा, ग्राहकानुसार 'ग्रुप बाय' करा आणि रकमेची 'सम' घ्या. एकच विचारणा. फक्त जॉइनचा प्रकार 'लेफ्ट आउटर' ठेवा. पीवीचा डिफॉल्ट जॉइन 'इनर' आहे, त्यात एकही नोंद नसलेला नवा ग्राहक यादीतून गायब होतो. आणि त्याची बेरीज 'नल' येते, तिला 'कोअलेस'ने शून्य करा.

आत किती विचारणा होतायत ते बघायचं असेल, तर 'पीवी' नावाचा लॉगर डीबग पातळीवर चालू करा. चालणारं प्रत्येक एसक्यूएल समोर छापलं जातं. शिकत असताना हे चालूच ठेवा असं मी सांगेन. दुभाषी आपल्या नावावर काय बोलतोय, ते कानावर पडलं पाहिजे.

छापलेल्या एसक्यूएलमध्ये तुम्हाला किमतीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसेल आणि खरी किंमत बाजूला वेगळी. हे मुद्दाम आहे. ग्राहकाच्या नावाच्या रकान्यात कुणी खोडसाळपणे एसक्यूएल लिहिलं, तरी ते नुसतं नाव म्हणूनच साठतं, हुकूम म्हणून चालत नाही. हाताने मजकूर जोडून एसक्यूएल बनवणाऱ्यांनी हा फायदा लक्षात घ्या.

चुकीची नोंद कशी दुरुस्त करायची?

समजा ८०० रुपयांची उचल चुकून दुसऱ्या सुनील पाटलांच्या नावावर पडली. मोह होतो, नोंद उघडून नाव बदलावं. नका करू. जुने मुनीम खाडाखोड करत नसत, उलट नोंद टाकत. आपणही तेच करू: चुकीच्या खात्यात −८००, तपशिलात "चुकीची नोंद रद्द", आणि बरोबर खात्यात +८००.

कायद्याचा कलही हाच आहे. कंपनी म्हणून नोंदणी असलेल्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची खूण राहिली पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तुमचं दुकान कंपनी नसेल, तरी सवय चांगलीच.

आता या दोन नोंदींच्या मध्येच लाइट गेली तर? एकाचे ८०० कमी झाले आणि दुसऱ्याला लागलेच नाहीत. दुकानाचं नुकसान. यासाठी पीवीमध्ये 'अॅटॉमिक' आहे. दोन्ही नोंदी त्याच्या आत लिहा. दोन्ही झाल्या तर पक्क्या, मध्ये काही बिघडलं तर दोन्ही रद्द. अर्धं काम शिल्लक राहत नाही.

'व्हेअर' विसरलं तरी वाचवणारी सवय

फोन बदलणं, गाव बदलणं, अशा कामांना 'अपडेट' लागेलच. त्यासाठी त्या दिवाळीपासून मी चार पायऱ्या पाळते:

१. आधी त्याच अटीने 'सिलेक्ट' करून 'काउंट' बघा. एक अपेक्षित असेल, तर एकच आला पाहिजे.
२. मग 'अॅटॉमिक'च्या आत 'अपडेट' चालवा.
३. 'एक्झिक्यूट' किती ओळी बदलल्या तो आकडा परत देतो. तो बघा.
४. आकडा एक नसेल, तर तिथेच एरर उठवा. 'अॅटॉमिक' सगळं मागे घेईल.

त्या दिवशी ही चौथी पायरी असती, तर २१२ ओळी बदलल्याचा आकडा आला असता, प्रोग्रामने एरर दिला असता आणि दुकानदारांना काही कळलंही नसतं. चार जास्तीच्या ओळी, आणि दोन रात्री वाचल्या असत्या.

आणि बॅकअप? प्रोग्राम बंद करून डेटाबेसची फाइल रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर कॉपी करा. प्रोग्राम चालू असताना कॉपी केलेली फाइल अर्धवट असू शकते. महिन्यातून एकदा तो बॅकअप उघडूनही बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेला गल्ला.

हे कुठे वापरायचं नाही?

दुकानात तीन काउंटर असतील आणि तिन्हींवरून एकाच वेळी नोंदी होणार असतील, तर एसक्यूलाइटची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून काम भागवू नका. नेटवर्कवर तिचं लॉकिंग नीट चालेलच याची खात्री नसते आणि फाइल खराब होऊ शकते. तिथे पोस्टग्रेस घ्या. पीवी शिकलेलं वाया जात नाही, क्लास जवळपास तसेच राहतात, मुख्य बदल डेटाबेस जोडण्याच्या ओळीत होतो. जीएसटी बिलिंगसाठी मात्र तयार सॉफ्टवेअरच बरं. आपली ही वही उधारी समजून घेण्यासाठी आहे.

गृहपाठ

१. दोन टेबलं बनवा, पाच ग्राहक आणि वीस नोंदी भरा. एका ग्राहकाला एकही नोंद देऊ नका.
२. सगळ्यांची बाकी एकाच विचारणेत काढा. नोंद नसलेला ग्राहक शून्य बाकीसह दिसतोय ना, ते तपासा.
३. नोंदी असलेला ग्राहक पुसून बघा. पुसला गेला, तर प्रॅग्मा लावायचा राहिलाय.
४. डेटाबेसची एक कॉपी करा आणि त्या कॉपीवर मुद्दाम 'व्हेअर'शिवाय 'अपडेट' चालवा. आधी चार पायऱ्यांशिवाय, मग त्यांच्यासह. फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

चौथा प्रश्न टाळू नका. ही चूक कॉपीवर करून घेतली, की गिऱ्हाईकाच्या वहीवर होत नाही.

अडलं तर व्हिडिओखाली लिहा, मी उत्तर देते. पुढच्या भागात मायग्रेशन: चालू वहीत नवीन कॉलम कसा घालायचा, तेही एकही नोंद न हलवता.

आणि हो, त्या दुकानात आजोबा अजूनही लाल वही लिहितात. मी आता त्यांना "कशाला लिहिता" असं विचारत नाही. महिनाअखेरीला आम्ही दोन्हीकडची बाकी जुळवून बघतो.

भेटूया पुढच्या भागात!